किल्ला सुधारला, मुलगी बदलली: एआय-एजंटकडून चित्र टप्प्याटप्प्याने सुधारून घेण्याचे एक प्रकरण

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या इतिहासाशी जोडलेल्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले असून बारावा तमिळनाडूतला जिंजी आहे. त्याच आठवड्यात मुलांसाठी निघणाऱ्या एका छोट्या दिवाळी अंकाच्या संपादिकांनी ठरवले की यंदाच्या मुखपृष्ठावर किल्लाच असेल, मात्र तो रायगड किंवा प्रतापगड नसेल, तर अंगणात मुलांनी दगडमातीचा केलेला दिवाळीचा किल्ला असेल. दरवर्षी मुखपृष्ठ करणारे चित्रकार आजारपणामुळे हे काम घेऊ शकत नव्हते. त्यांनी पेन्सिलीने एक कच्चा आराखडा तेवढा काढून दिला आणि त्यावरून एआयच्या साहाय्याने चित्र तयार करायला संमती दिली. अंकाची मांडणी मी करतो, त्यामुळे हे काम माझ्याकडे आले. त्यात जे बिघडले आणि ते ज्या पद्धतीने दुरुस्त झाले, ते येथे तपशिलाने नोंदवत आहे, कारण अशी साधने आता अनेक छोट्या प्रकाशकांच्या हातात आली आहेत आणि हा बिघाड चटकन लक्षात येणारा नाही.

काम काय होते

आराखड्यात वाड्याचे अंगण होते आणि वेळ तिन्हीसांजेची होती. गोणपाटावर दगड, विटा आणि माती रचून केलेला किल्ला, त्याच्या उतारांवर उगवलेले अळीव, माथ्यावर सिंहासनावर बसलेले महाराज आणि पायथ्याशी भाले घेतलेले मातीचे मावळे अशी मध्यभागाची रचना होती. एक दहा-अकरा वर्षांची मुलगी बुरूज लिंपत होती, तिचा धाकटा भाऊ मावळे मांडत होता, मागे ओट्यावर नऊवारी नेसलेली आजी उभी होती आणि वर आकाशकंदील टांगलेला होता.

वापरलेले साधन म्हणजे एकटे चित्र काढणारे मॉडेल नव्हते. त्यात एक भाषा-मॉडेल मुकादमासारखे काम करते. ते आपली सूचना वाचते, तिचे लहान कामांत तुकडे करते, चित्र बदलणाऱ्या मॉडेलला बोलावते, आलेले चित्र पाहू शकणाऱ्या दुसऱ्या मॉडेलकडून तपासून घेते, आणि तपासणीत उणीव निघाली तर पुन्हा प्रयत्न करते. या रचनेला एजंट म्हणतात. तिच्यातले सुटे भाग २०२२ ते २०२५ या काळात एकामागून एक आले. ऑगस्ट २०२२ मध्ये स्टेबल डिफ्यूजन हे शब्दांवरून चित्र काढणारे मॉडेल सर्वांसाठी खुले झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी इन्स्ट्रक्टपिक्सटूपिक्स हे मॉडेल मांडले आणि साध्या वाक्यातल्या आज्ञेने चित्र बदलता येते हे दाखवले. मार्च २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल चॅटजीपीटीने संवादातून अनेक दृश्य-मॉडेल चालवण्याची कल्पना पुढे आणली. पुढच्याच महिन्यात मेटाच्या सेगमेंट एनिथिंग या मॉडेलमुळे चित्रातली कोणतीही वस्तू तिच्या नेमक्या कडेने वेगळी करणे सोपे झाले. २०२५ मध्ये जीपीटी-४ओची चित्रनिर्मिती, फ्लक्स कॉन्टेक्स्ट आणि जेमिनी २.५ फ्लॅश इमेज या मॉडेलांमुळे बोलता बोलता चित्र सुधारणे ही रोजची गोष्ट झाली.

पहिले चित्र आले तेव्हा संपादिका ताईंना त्यातली मुलगी फार आवडली. तिच्या कपाळावर घामाने चिकटलेली एक बट होती, डाव्या गालावर मातीचा ओरखडा होता, आणि खालचा ओठ दाताखाली धरून ती कामात इतकी गढलेली होती की चित्र पाहणाऱ्याकडे तिचे लक्षच नव्हते. हे मुखपृष्ठ तिचेच आहे, असे ताई म्हणाल्या. बाकीच्या चित्रात मात्र दुरुस्त्या बऱ्याच होत्या.

नवव्या आवृत्तीत काय दिसले

सर्वांत मोठी चूक किल्ल्यातच होती. मॉडेलने काढलेला किल्ला परीकथेतल्या पाश्चात्त्य गढीसारखा होता, त्याला उंच निमुळते मनोरे होते आणि मनोऱ्यांवर टोकदार शंकूच्या आकाराची छपरे होती. नुसते ‘मराठी किल्ला’ म्हणून भागले नाही. ‘बुटके, जाड, गोल बुरूज, त्यांना जोडणारी वळणावळणाची तटबंदी, तटात बंदुकीसाठी अरुंद जंग्या, आणि दोन बुरुजांच्या आड दडलेला, समोरून न दिसणारा गोमुखी दरवाजा’ असे लिहून दिल्यावर दुसऱ्या आवृत्तीत किल्ला ओळखीचा झाला. अळिवाच्या जागी सूचिपर्णी झाडे उगवली होती. ‘अळीव’ हा शब्द त्याला पोहोचत नव्हता, म्हणून ‘बोटभर उंचीची, दाट, कोवळी, फिकट हिरवी रोपे’ असे वर्णन केले आणि तिसऱ्या आवृत्तीत ते जमले. जिथे मराठी वस्तूचे नाव अडते तिथे नावाचा आग्रह सोडून वस्तूचे वर्णन करावे, हे या कामात मला वारंवार उपयोगी पडले.

पुढे मुलीच्या उजव्या हाताचे सहावे बोट काढले. चिनी धाटणीचा लाल गोल दिवा जाऊन झिरमिळ्यांचा कागदी आकाशकंदील आला. किल्ल्याच्या पायऱ्यांवर पणत्या ठेवल्या, आजीच्या पायाशी एक पणती ठेवली, धाकट्याच्या सदऱ्याचा रंग बदलला, आणि शेवटी सांज थोडी गडद केली. प्रत्येक वेळी एजंटने ‘सूचना पूर्ण झाली, तपासणी उत्तीर्ण’ असा शेरा दिला आणि प्रत्येक वेळी ते खरेही होते. नऊ आवृत्त्या झाल्या आणि मी शेवटची ताईंना पाठवली.

त्यांचा फोन लगेच आला. “अहो, ही आपली मुलगी नाही.”

“ताई, चेहऱ्याला मी हातच लावलेला नाही,” मी म्हणालो.

पहिली आणि नववी आवृत्ती शेजारी शेजारी ठेवली तेव्हा त्यांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. कपाळावरची बट नीट विंचरलेली होती, गालावरचा ओरखडा गेला होता, ओठ सुटले होते, आणि मुलगी दात दाखवून थेट आपल्याकडे बघून हसत होती. जाहिरातीतल्या मुलांच्या चेहऱ्यावर जे हसू असते तसे ते हसू होते. सगळ्या चित्रावर एक पिवळसर झाक चढली होती. आजीच्या नऊवारीचा काष्टा नाहीसा होऊन तिथे साध्या सहावारीच्या निऱ्या आल्या होत्या. यांपैकी एकही बदल कोणी मागितला नव्हता.

असे का होते

साधनाने प्रत्येक आवृत्तीची फाइल जपून ठेवली होती, म्हणून शोध घेता आला. मी दोन-दोन आवृत्त्यांची वजाबाकी केली. दोन चित्रे एकावर एक ठेवून प्रत्येक बिंदूच्या (पिक्सेलच्या) रंगाच्या आकड्यांतला फरक काढला की जिथे काहीच बदललेले नसते तिथे काळे दिसते आणि जिथे बदल झालेला असतो तिथे उजळ दिसते. फक्त सदऱ्याचा रंग बदलला असेल, तर काळ्या पडद्यावर फक्त सदरा दिसायला हवा. प्रत्यक्षात सदरा ठळक दिसला, आणि त्याभोवती संपूर्ण चित्र फिकट रेषांनी उमटलेले होते. कौलांच्या कडा, गोणपाटाची वीण, मुलीच्या पापण्या, मावळ्यांचे भाले, सगळे काही थोडे थोडे हललेले होते.

मग एक साधा प्रयोग केला. पहिले चित्र देऊन ‘यात काहीही बदलू नका, जसेच्या तसे परत द्या’ अशी सूचना दिली. परत आलेले चित्र डोळ्यांना तेच वाटले, पण वजाबाकीत तेही काळे आले नाही.

याचे एक कारण या मॉडेलांच्या बांधणीतच आहे. डिफ्यूजन जातीची, म्हणजे विस्कटलेल्या ठिपक्यांतून टप्प्याटप्प्याने चित्र घडवणारी, बहुतेक मॉडेले थेट चित्राच्या बिंदूंवर काम करत नाहीत, ती आधी चित्राचे एक आकुंचित रूप तयार करतात, ज्याला लेटंट म्हणतात. मूळ स्टेबल डिफ्यूजनमध्ये हे रूप प्रत्येक बाजूने आठपट लहान असते आणि त्याच्या प्रत्येक घरात चार आकडे असतात. त्या हिशोबाने १०२४ × १५३६ बिंदूंच्या चित्रातले (प्रत्येक बिंदूला रंगाचे तीन याप्रमाणे) सुमारे ४७ लाख आकडे १२८ × १९२ घरांतल्या सुमारे ९८ हजार आकड्यांत मावतात, म्हणजे मूळच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्यात. नंतरच्या काही मॉडेलांत घरामागे सोळा आकडे असतात, त्यामुळे नुकसान कमी होते, पण संपत नाही. अंगणाची फरशी किंवा आकाश या आकुंचनातून जवळजवळ तसेच परत येते. चित्रात जेमतेम १६ बिंदू उंचीचा असलेला मावळ्याचा चेहरा मात्र उंचीला दोनच घरांत बसतो, आणि परत उलगडताना त्याचे नाक-डोळे मॉडेलला अंदाजाने भरावे लागतात. मुलीचा चेहरा मोठा होता, तरी ओरखड्यासारख्या बारीक खुणा त्या अंदाजातच हरवल्या.

दुसरे कारण असे की ‘सदरा निळा करा’ असे सांगितले तरी मॉडेल केवळ सदरा रंगवत नाही. ते जुने चित्र समोर ठेवून सगळेच चित्र नव्याने तयार करते आणि उरलेला भाग जुन्यासारखा राहावा असा प्रयत्न करते. तो प्रयत्न बहुतांशी यशस्वी होतो. जिथे होत नाही तिथे मॉडेल त्याला सर्वाधिक परिचित असलेल्या रूपाकडे कलते. आजीच्या पायाशी पणती ठेवायला सांगितली तेव्हा तो सगळा भाग पुन्हा काढला गेला, आणि माझ्या मते मॉडेलने काष्ट्यापेक्षा निऱ्या कितीतरी अधिक वेळा पाहिलेल्या असल्यामुळे त्याच्या हातून निऱ्याच आल्या. हे मला फार महत्त्वाचे वाटते. जी रूपे जगाच्या चित्रभांडारात कमी आहेत, ती या घसरणीत सर्वांत आधी जातात, आणि मराठी घरातल्या कितीतरी वस्तू त्यांत मोडतात.

या दोन्ही गोष्टी एका आवृत्तीत सहज खपून जातात. पण एजंट प्रत्येक वेळी आदल्या आवृत्तीवरच पुढचा बदल करत होता, म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढत जावी तसे चालले होते. हा दोष एखाद्याच साधनापुरता नाही. फ्लक्स कॉन्टेक्स्टच्या निर्मात्यांनी आपल्या शोधनिबंधातच सलग सहा बदलांनंतर चित्राचा दर्जा घसरल्याचे उदाहरण दिले आहे, आणि जीपीटी-४ओची चित्रनिर्मिती जाहीर करताना ओपनएआयनेही, एखादाच भाग बदलायला सांगितला तरी न सांगितलेले भाग बदलू शकतात, असे मर्यादांमध्ये नमूद केले होते.

तपासणी का चुकली

मला अधिक खटकली ती तपासणी. एजंटकडे तपासनीस मॉडेल होते, मग त्याने मुलगी बदलल्याचे का सांगितले नाही? कामाची नोंद उघडून पाहिली तेव्हा उत्तर मिळाले. त्याला दर वेळी एकच प्रश्न विचारला जात होता, तो म्हणजे ‘दिलेली सूचना पाळली गेली आहे का?’ पणती आली का, आली. सदरा निळा झाला का, झाला. न सांगितलेले काय बदलले हे त्याला कधी विचारलेच गेले नाही. शिवाय त्याच्यासमोर फक्त आदली आणि आत्ताची आवृत्ती असे. आठवी सातवीसारखी होती, नववी आठवीसारखी होती, आणि पहिलीशी कोणाचीच गाठ घातली गेली नव्हती.

अक्षरांच्या बाबतीत हीच गोष्ट आणखी उघड झाली. अंकाच्या विशेष विभागाचे शीर्षक ‘किल्ल्यांची दिवाळी’ असे होते, आणि ते चित्रातच लाकडी पाटीवर यावे असा आमचा आधी विचार होता. पाटीवर आलेल्या शब्दात एक ल गळलेला होता आणि य जोडाक्षराबाहेर पडला होता. तपासनीसाने तो मजकूर ‘किल्ल्यांची दिवाळी’ असाच वाचला आणि उत्तीर्ण केला. काय लिहिलेले असायला हवे हे त्याला सूचनेतून आधीच माहीत होते, आणि त्याने तेच वाचले. आपल्यालाही स्वतःच्या लेखाचे प्रूफ तपासताना असेच होते, म्हणून तर छापखान्यात प्रूफ दुसऱ्याकडे देतात. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि उमटते व्यंजनाआधी, तीन-तीन व्यंजने एका जोडाक्षरात मिसळतात, आणि हे नियम फाँट जाणतो. चित्र काढणारे मॉडेल अक्षराला केवळ आकार म्हणून पाहते. म्हणून पाटी कोरी ठेवली आणि शीर्षक मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फाँटने घातले. तिथे मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्यामुळे आपल्या वळणाचा पाकळीदार ल मिळाला. चित्रात अक्षरे काढून घेण्याच्या फंदात कोणत्याही मराठी प्रकाशकाने सध्या पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या वेळची पद्धत

नवव्या आवृत्तीतून मुलगी परत आणण्याचा एक प्रयत्न केला, तो फसला. ‘गालावर मातीचा ओरखडा काढा’ म्हटल्यावर ओरखडा आला, पण तो दुसऱ्याच मुलीच्या गालावर. म्हणून आम्ही पहिल्या आवृत्तीकडे परतलो आणि तिची फाइल मूळ प्रत म्हणून कुलूपबंद केली.

ताईंबरोबर बसून न बदलायच्या गोष्टींची यादी केली. त्यात मुलीचा चेहरा, तिची नजर, आजीचा काष्टा, महाराजांची मूर्ती, मावळे आणि गोणपाटाचा रंग होता. पहिल्या वेळी आम्ही केवळ काय हवे याची यादी केली होती. ही दुसरी यादी करायला अर्धा तासही लागला नाही, आणि पुढचे सगळे काम तिच्या आधाराने झाले.

कामाचा क्रमही बदलला. सांज गडद करणे हा असा बदल आहे की तो संपूर्ण चित्राला स्पर्श करतो, त्याला एका चौकटीत बांधता येत नाही. पहिल्या वेळी तो सर्वांत शेवटी केला होता, आता तो सर्वांत आधी केला, तोही मॉडेलकडून न करता रंगसंपादनाच्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये, जिथे फक्त उजेड आणि रंग बदलतात आणि रेषा हलत नाहीत. या गडद प्रतीलाच पुढे मूळ प्रत मानले. नंतर किल्ला, मग अळीव, कंदील, पणत्या, आणि बोट सर्वांत शेवटी.

प्रत्येक बदलासाठी आधी मास्क केला, म्हणजे बदलायच्या वस्तूची नेमकी सीमा आखून घेतली. मॉडेलने पूर्ण चित्र नव्याने दिले तरी त्यातला मास्कच्या आतला तुकडाच उचलायचा, कडा काही बिंदूंपर्यंत विरळ करून तो मूळ प्रतीवर बसवायचा आणि बाकीचे सारे टाकून द्यायचे, असा नियम एजंटला घालून दिला. मॉडेलने परत दिलेले चित्र कधी कधी एक-दोन बिंदूंनी सरकलेले किंवा किंचित मोठे झालेले असते, म्हणून तुकडा बसवण्याआधी दोन्ही चित्रे जुळवून घेण्याची पायरी त्यात घालावी लागली. दर बदलानंतर मास्कच्या बाहेरची वजाबाकी शून्य आहे का हे प्रोग्रॅम तपासत असे, त्यात कोणाच्या मताचा प्रश्न नव्हता. तपासनीस मॉडेलला आता मूळ प्रतीतला आणि नव्या प्रतीतला एकाच जागेचा तुकडा शेजारी शेजारी देऊन बारीक प्रश्न विचारले जात: दोन्हीकडे बुरूज किती आहेत, दोन्ही हातांची बोटे मोजा, साडीची कड दोन्हीकडे पायांमधून मागे जाते का. तीन प्रयत्नांत जमले नाही तर थांबून मला विचारायचे, हेही एजंटला ठरवून दिले, कारण पहिल्या वेळी कंदिलासाठी तो स्वतःच्या मनाने बराच वेळ झगडत बसला होता.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. आजीच्या पायाशी पणती नीट बसली, पण तिचा उजेड काष्ट्यावर पडेना, कारण काष्टा मास्कच्या बाहेर होता. दिवा जळतो आहे आणि शेजारचे कापड अंधारात आहे, हे डोळ्याला लगेच खोटे वाटते. उजेड पडेल तेवढा भाग मास्कमध्ये घेतला की काष्टा पुन्हा धोक्यात येत होता. शेवटी पणती मॉडेलकडून घेतली आणि कापडावरचा पिवळा उजेड मी वेगळ्या लेअरवर हाताने रंगवला. पायऱ्यांवरच्या पणत्यांसाठी मात्र मोठा मास्क चालवून घेतला, कारण तिथे आजूबाजूला दगडमातीच होती, असे मला वाटले.

छपाईचा हिशोब वेगळाच होता. ए-४ आकाराला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा धरले, तर ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० बिंदू) सुमारे २५५१ × ३५७९ बिंदू लागतात, म्हणजे चित्र साधारण अडीच पटीने मोठे करायचे होते. मोठे करणारी एआय साधनेही बारकावे स्वतःच्या मनाने भरतात, म्हणून ती पायरी सर्व बदल झाल्यावर एकदाच घेतली आणि मुलीच्या चेहऱ्याचा चौकोन साध्या गणिती पद्धतीने मोठा करून वरून बसवला. तो चौकोन किंचित मऊ दिसतो, तरी आम्हाला चालला. श्रेयनामावलीत चित्रकारांचे नाव आराखड्यासाठी दिले आणि मुखपृष्ठ एआयच्या साहाय्याने केल्याचे स्पष्ट छापले.

छापखान्याचे रंगीत प्रूफ आल्यावर ताईंनी ते चित्रकारांना घरी नेऊन दाखवले. मुलगी तीच होती, ओरखड्यासकट. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि मग पायथ्याशी बोट ठेवून म्हणाले, “माझ्या आराखड्यात सात भाले आहेत. इथे सहाच दिसतात.” डावीकडून तिसऱ्या मावळ्याचा भाला गेला होता. आमच्या वजाबाकीने तो पकडला नव्हता, कारण तो पायऱ्यांवरच्या पणत्यांसाठी मी घेतलेल्या मोठ्या मास्कच्या आत होता, आणि मावळे न बदलायच्या यादीत असूनही मास्क आखताना मी ती यादी उघडून पाहिली नव्हती. तपासनीसाला तिथे पणत्या मोजायला सांगितले होते, भाले मोजायला नव्हे. मी मूळ प्रतीतून तेवढा भाला उचलून परत बसवला, न बदलायच्या यादीतल्या वस्तूंवर कोणताही मास्क चढला की एजंटने आधी थांबावे असा नियम वाढवला, आणि त्या संध्याकाळी फाइल छापखान्यात गेली.